बिनवाऱ्याच्या घरातल्या बाई

"तू दार आपटतेस का?"

मिरजेत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. मी वडूजची. आमच्या घराचं दार आपटल्याशिवाय लागतच नाही. पण इस्पितळात एक्स-रे विभागात नवी नोकरी लागली होती आणि मैत्रिणीच्या खोलीत किती दिवस लोळायचं, म्हणून मी "नाही" म्हणाले.

"मग ये आत. सावकाश. भिंतीच्या कडेनं."

मे महिन्यातली दुपार. आत पंखा बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. घाम पुसायला मी हात उचलला, तशी बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. तेवढ्यात माझ्या नाकासमोरून एक विमान गेलं. दीड-दोन विती लांबीचं, पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे. पोटाखालच्या काडीला रबराची पट्टी पिळून अडकवलेली, आणि पुढचा पंखा इतका संथ फिरत होता की पाती वेगवेगळी दिसत होती. आवाज अजिबात नाही. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू ते गोल गोल फिरत वर चढलं, छताखाली थोडा वेळ तरंगलं, आणि रबराचा पीळ सुटत गेला तसं उतरत उतरत कॉटवरच्या चादरीवर टेकलं.

बाईंनी श्वास सोडला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मीही धरून ठेवला होता.

"हं, आता बोल. नाव काय तुझं?"

त्या घरात मी पुढं बरीच वर्षं काढली. आता साताऱ्यात असते, घरात तीन पंखे आहेत, पण अजूनही कुणी खोलीत जोरात शिरलं की मी आधी वर बघते.

बाई भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेतल्या इस्पितळांत त्यांचा जन्म गेला होता. रिक्षावाले, औषधवाले, भाजीवाल्या, कुणाला ना कुणाला तरी त्यांनी कधीतरी झोपवलेलं असायचं. उंच, हडकुळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. घरात ऐन उन्हाळ्यातही लोकरीचे मोजे घालून वावरायच्या, कारण चपलेनं हवा हलते. शिंक आली तर ओसरीवर जायचं. उदबत्ती लावायची ती देवासाठी नव्हे, धूर कुठं वळतो ते बघायला. शेजारी तंबोरे करणारे होते, त्यांची दिवसभर ठोकाठोक चालायची. त्याबद्दल मात्र बाईंची तक्रार नव्हती. "आवाज करू देत. वारा नाही करत ना?"

माझा भाऊ एकदा गावाकडून आला. घामानं निथळत बसला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "लाईट गेलीय व्हय?"

"नाही," बाई म्हणाल्या, "विमान आहे."

त्याच भावानं रात्री फ्रीजमधली बरणी उघडून मला विचारलं की बाई शेवयांना एरंडेल कशाला लावून ठेवतात. त्या शेवया म्हणजे रबराच्या पट्ट्या होत्या. थंडीत, अंधारात ठेवल्या तर टिकतात म्हणून लोणच्याशेजारी त्यांची जागा.

हा नाद कुठून लागला, असं मी एकदा विचारलं होतं. बाई पंखाला कागद चिकटवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "टेबलावरचा माणूस डोळे उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. उभं आयुष्य रबराची पिशवी दाबून दुसऱ्याचा श्वास चालवला. घरी आल्यावरही हाताला तेच वळण. एका जुन्या मासिकात याचा नकाशा मिळाला. म्हटलं, हेही रबरावरच चालतंय. आणि पडलं तर पडलं, यात कुणी मरत नाही."

न्यायाचं मात्र त्यांना वेड होतं, दुसरा शब्द नाही. स्टँडवर ओळखीचा रिक्षावाला मागं असला तरी त्या रांगेतल्या पहिल्याच रिक्षात बसायच्या, मग त्याची सीट फाटलेली असो. आंबा कापायचा तर एकानं कापायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. मी एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या, तुम्ही घ्या ना आधी." तर म्हणाल्या, "मी कापलाय. मी आधी घेतला तर उद्या मी वाकडा कापेन."

हिवाळ्यात सांगलीत बॅडमिंटनचा एक हॉल सकाळपुरता मागून घेऊन त्या या विमानांची स्पर्धा भरवायच्या. सकाळीच, कारण ऊन चढून पत्रा तापला की आतली हवा उकळी फुटल्यासारखी हलायला लागते. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं यायची, साखर कारखान्यातले एकदोन हौशी, शाळामास्तर, डॉक्टरांची मुलं. मला बाईंनी घड्याळ धरायला बसवलं. जो सर्वांत जास्त वेळ हवेत राहील तो जिंकला, इतका सोपा खेळ. पण बाई आधी उभ्या राहून सगळे नियम तोंडानं सांगायच्या. एक नियम वजनाचा होता: ठरल्यापेक्षा हलकं विमान चालायचं नाही. पहिल्यांदा मला हे उफराटं वाटलं. विमान हलकं करणं हेच तर कसब ना?

"हलकं करायला पैसे लागतात," बाई म्हणाल्या. "बाहेरचं लाकूड, बाहेरचा कागद. ठरावीक वजनात चांगलं उडवायला फक्त डोकं लागतं. ते सगळ्यांकडं असतं, थोडंफार."

दुसरा नियम त्यांनी एका प्रतिष्ठित बापामुळं केला होता. त्यानं विमान तयार विकत आणलं, पीळ स्वतः दिला, आणि पोराला फक्त सोडायला पुढं केलं. तेव्हापासून नियम झाला: ज्यानं बांधलं त्यानंच उडवायचं, आणि विमान एकदा हॉलमध्ये आलं की त्याशिवाय दुसऱ्या कुणीही त्याला बोट लावायचं नाही. लावलं तर ते उड्डाण बाद.

हा नियम चांगला होता. त्या वर्षापर्यंत.

त्या वर्षी आमच्या खटाव तालुक्यातून एक निवृत्त हवालदार आले. पन्नाशीचे, ताठ, मिशा कोरलेल्या. सोबत त्यांची बायको, डोक्यावर पदर, काखेत बुटांचं खोकं. खोक्यात कापसावर विमान. हवालदारांचा उजवा पंजा चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला होता. सैन्यात असताना त्यांनी एका साहेबाला अशी विमानं उडवताना पाहिलं होतं, आणि हात गेल्यावर घरात बसून वेड लागायची वेळ आली तेव्हा त्यांना ते आठवलं. माझ्या गावाकडची माणसं म्हणून मी लगेच बोलायला गेले आणि हवालदारांच्या बायकोला वहिनी म्हणायला लागले.

त्यांचं विमान उडालं ते सगळ्यांपेक्षा वेगळं. वर चढायची घाई नाही, वळताना झोकांडी नाही. वहिनी तोंडावर पदर धरून वर बघत होत्या. ते टेकलं तेव्हा माझ्या घड्याळात त्या दिवसाची सगळ्यांत मोठी वेळ होती.

तेवढ्यात कराडची एक मुलगी उठली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिची वेळ आतापर्यंत पहिली होती.

"मॅडम, माझी हरकत आहे." ती उभीच राहिली. "पीळ दिल्यावर रबर विमानाला काकूंनी अडकवलं. काकांनी नाही. गेल्या वर्षी आमच्या मैत्रिणीचं विमान तुटू नये म्हणून तिच्या बाबांनी नुसतं झेललं होतं, तर तुम्ही तिला बाद केलं. ती इथंच बसून रडली. तेव्हा नियम होता, मग आज कुठं गेला?"

हॉलमध्ये कुणीतरी "अगं, काय हे" असं पुटपुटलं. बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं, तो गप्प झाला.

रबर अडकवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. पिळून पिळून गाठी पडलेली पट्टी पीळ द्यायच्या हातयंत्रावरून काढून विमानाच्या नाकातल्या आकड्यात घालायची. एका हातात पापुद्र्यासारखं विमान, दुसऱ्या हाताच्या चिमटीत ताणलेलं रबर. एक हात सुटला तर सगळ्याचा चुरा.

"हवालदार," बाईंनी विचारलं, "रबर कुणी अडकवलं?"

"आमच्या मंडळींनी, मॅडम."

"आवं डॉक्टरबाई," वहिनी पुढं आल्या, "ह्यांचा उजवा हात म्हंजी मीच हाय की. दुसरा कुटनं आणायचा?"

बाई मुलीकडं वळल्या, मग परत वहिनींकडं. मी त्यांना कधी असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुमचं खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि हिचंही खरं आहे. नियम करताना तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांपुढं नव्हता, ही माझी चूक. पण खेळ सुरू झाल्यावर आज मी तुमच्यासाठी नियम बदलला, तर उद्या कुणासाठीही बदलीन. आजचं उड्डाण बाद."

हवालदारांनी मान हलवली. "ठीक हाय मॅडम. हुकूम म्हंजी हुकूम."

"हुकूम तुमाला आसंल," वहिनी म्हणाल्या. "मला न्हाई पटला." आणि खोकं काखेत मारून त्या नवऱ्याच्या आधी बाहेर पडल्या.

कराडची मुलगी पहिली आली. बक्षिसाची ढाल घेताना तिचा चेहरा उतरलेला होता. घरी परतल्यावर बाई जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले, तर बाई ओसरीवर. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, बोटांना बँडेज.

"बाई! पडलात का कुठं?"

"नाही. नियम करायचाय. हात बांधून बघतेय."

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ असेल. पण हिवाळा सरला तरी झोळी उतरली नाही. डाव्या हातानं जेवणं, डाव्या हातानं केस विंचरणं, डाव्या हातानं विमान. टेबलाला चिमटे लावून बघितले, आकडे ठोकून बघितले, रबर दातात धरून बघितलं. पट्टी सुटायची, सापासारखी उसळायची आणि पंखांच्या काड्या खोलीभर व्हायच्या. मी केर काढताना त्या वेचायचे. गल्लीत बातमी पसरली होती की डॉक्टरबाईंचा हात मोडला. त्यांच्याबरोबर काम केलेले एक हाडांचे डॉक्टर पेढे घेऊन बघायला आले आणि तपासायला लागले, तर बाईंनी हात मागं घेतला. "हात बरा आहे रे. नियम मोडलाय." ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डोक्याचा फोटो काढा यांच्या." एक्स-रेला आलेले पेशंटसुद्धा मला विचारायचे, बाईंचं हाड जुळलं का. मी म्हणायचे, जुळतंय.

एका संध्याकाळी बाई काड्यांच्या पसाऱ्यात बसल्या होत्या. "नाही होत गं," म्हणाल्या. "एखादं यंत्र केलं तर होईल. पण मग ज्याच्याकडं यंत्र, त्याचा खेळ. म्हणजे आलो परत तिथंच." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चल, तुझ्या गावाकडं जाऊ."

एस.टी.नं आम्ही वडूजला गेलो, तिथून वडापच्या जीपनं हवालदारांच्या वस्तीवर. ज्वारी काढून झाली होती, रान उघडं पडलं होतं. हवालदार उठून उभे राहिले. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवला, पण तोंडातून शब्द नाही. मग त्यांची नजर झोळीकडं गेली.

"आन् ह्ये काय झालं?"

"काही नाही झालं. तुमच्या यजमानांना एका हातानं जमलं असतं का, ते बघत होते. मुद्दाम बांधलाय."

"कवापास्नं?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

वहिनी बघतच राहिल्या. "मग? जमलं का?"

"नाही जमलं."

"आगं बया!" वहिनी हसायला लागल्या, आणि हसता हसता चुलीपाशीच बसल्या. "आवं बाई, मला इचारायचं हुतं की. मी यका शब्दात सांगितलं आसतं. यवडं हाल कशाला करून घेटलं?"

बाईंचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. एवढ्या शिकलेल्या, एवढ्या काटेकोर, पण विचारायचं त्यांना खरंच सुचलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं बँडेज सोडलं आणि दोन्ही हातांनी चहाचा कप धरला.

उन्हाळ्यात बाईंनी आपल्या घरी बैठक बोलावली. हवालदार, वहिनी, आणि ती कराडची मुलगी. मुलगी बिचकत आली. तिला वाटलं, बोलणी बसणार.

"तू हरकत घेतलीस म्हणूनच तुला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "नियमातलं भोक तुला दिसतं. आता मी सांगते, त्यातलं भोक काढ. दोघांनी मिळून विमान बांधलं, तर दोघं मिळून एकच स्पर्धक."

मुलगी लगेच म्हणाली, "मग ते तयार विमान आणणारे बाबा परत येतील ना, जोडीदार म्हणून."

"येतील," बाई खुश होऊन म्हणाल्या. "काय करायचं?"

"त्यास्नी बांधायला लावा की सगळ्यांम्होरं," वहिनी म्हणाल्या. "भाकरी येती म्हनणारीला पिठाची परात द्यावी. कळतंय लगीच."

तसंच ठरलं. जोडीनं उतरायचं असेल त्यांनी उडवायच्या आधी हॉलमध्ये सर्वांसमोर बसून एका पंखाच्या सांगाड्यावर कागद चढवून दाखवायचा, दोघांनी मिळून. मुलीला आणखी एक शंका होती. "पण ज्यांचे दोन्ही हात चांगले आहेत, त्यांनीही जोडी केली तर? दोघं म्हणजे जास्त सोपं. एकट्यावर अन्याय."

हवालदार पहिल्यांदाच हसले. वहिनी म्हणाल्या, "सोपं? पोरी, तुजं लगीन व्हायचंय आजून."

पंखा बंद होता, सगळे घामाघूम झाले होते, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात हॉलमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. जोड्या आल्या होत्या. हात कापतात म्हणून उडवणं सोडलेले एक मास्तर आपल्या जुन्या विद्यार्थ्याला घेऊन आले होते. सांगलीच्या दोघी बहिणी कागद चढवतानाच अशा भांडल्या की कागद फाटला, आणि त्या परत मुकाट्यानं बसून नवा चढवायला लागल्या. कराडची मुलगी एकटीच उतरली होती, आणि तिनं पहिल्याच फेरीत असं काही उडवलं की नंतर बराच वेळ तिच्या जवळपासही कुणी पोचलं नाही.

हवालदारांची पाळी शेवटी आली. वहिनी विमान धरून रबर ताणून उभ्या राहिल्या, हवालदार डाव्या हातानं यंत्राचा दांडा फिरवू लागले. पीळ चढेल तसतशा वहिनी पाऊल पाऊल पुढं सरकत होत्या. मग त्यांनी रबर अडकवलं आणि विमान नवऱ्याच्या हाती द्यायला पुढं केलं.

"ह्या बारीला तू सोड," हवालदार म्हणाले.

"मी? आन् पडलं तर?"

"पडलं तर पडलं. तू सोड."

वहिनींनी सोडलं. सोडलं म्हणजे हात खाली घेतला इतकंच, विमान जिथं होतं तिथूनच चालू लागलं. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांपर्यंत गेलं, तिथं बराच वेळ फिरत राहिलं. खाली उतरताना ते भिंतीकडं सरकलं, तशी माणसं खुर्च्या न वाजवता बाजूला झाली. वहिनी वर बघत त्याच्या मागं मागं चालत होत्या. त्यांच्या खांद्यावरून ते पुढं गेलं, आणखी एक मोठी घिरटी घातली आणि जमिनीवर टेकलं.

मी घड्याळ थांबवलं. कराडच्या मुलीच्या वेळेपेक्षा जरा जास्तच. मी वेळ मोठ्यानं वाचली आणि टाळ्या पडल्या. ती मुलगीही टाळ्या वाजवत होती. हवालदारांनी डावा हात मिशीवरून फिरवला.

वहिनी माझ्या टेबलापाशी आल्या. "ताई, तुमचं घड्याळ चुकलं."

"कसं काय?"

"विमान कशालाबी टेकलं की घड्याळ थांबतं, आसंच हाय न्हवं? बाईंनी सकाळी सांगितलं. माज्या पदराला घासून गेलं ते. खांद्यापाशी. तितंच थांबवाया पायजे हुतं."

मी बाईंकडं बघितलं. बाई हवालदारांकडं बघत होत्या. हवालदार जमिनीकडं.

कराडची मुलगी धावत आली. "काकू, मी तुमच्या शेजारीच होते. मला नाही दिसलं लागलेलं. कुणालाच नाही दिसलं. आमच्या मोबाईलवर सगळं आहे, बघा, त्यातही दिसत नाहीये." तिनं खरंच दाखवलं. विमान खांद्यावरून जाताना दिसत होतं, पदराला लागल्याचं काही कळत नव्हतं. "मग कशाला, काकू?"

"मला दिसलं की," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी मुलीकडून मोबाईल मागून घेतला. मोबाईलवर खांद्यापाशी विमान आलं तिथपर्यंतची वेळ धरली, आणि हवालदारांची जोडी दुसरी आली. मुलगी पहिली. या वेळी ढाल घेताना ती रडली, आणि वहिनींनी तिची समजूत काढली, ते बघून हवालदार मला म्हणाले, "बगा. हरलो आमी आन् रडतीया ही."

सामान आवरताना बाई वहिनींपाशी गेल्या. मी विमानं खोक्यात भरत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"वहिनी, माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुढच्या वर्षी पंचाच्या खुर्चीत तुम्ही बसा."

वहिनींनी खोक्याला दोरी बांधली, गाठ ओढून बघितली.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसल्यावर उडवाया येत न्हाई. आन् मी आजच कुटं सोडाया शिकलेय."